बोट तपासता, तिच्या ट्रेलरचं चाक कोण फिरवून पाहणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात पावसाळ्याच्या तयारीची बातमी होती, फोटो पण होता, बोटी ट्रेलरवर ओळीनं उभ्या, लाइफ जॅकेट मांडलेले, दोराची वेटोळी, मोठे टॉर्च. पाहून बरं वाटलं. पण मी गॅरेजवाला माणूस, माझी नजर आधी चाकावर जाते. एका ट्रेलरचा टायर बसलेला होता आणि रिमला लागून गुडघाभर गवत वाढलेलं. चाकाच्या बाजूला एवढं गवत वाढते म्हणजे ते चाक मागच्या पावसाळ्यापासून जागचं हललेलं नाही, आणि पाण्यात बुडून आलेलं चाक आठ-नऊ महिने एका जागी उभं राहिलं तर पुराच्या दिवशी ते फिरेलच अशी गॅरंटी मी तरी देणार नाही. म्हणून हे पत्र लिहून राहिलो. थोडं लांब होईल, पण कृपा करून छापा.

पवनी तालुक्यात माझं ट्रॅक्टर-ट्रॉलीचं गॅरेज आहे, २४ वर्षं झाली. डोंग्यावर मासेमारी करणाऱ्या ढिवर भावांना ट्रेलरची गरज नसते, त्यांचा डोंगा काठावरच राहतो. पण फायबरच्या मोटरबोटी आल्या तशी त्यांना एका घाटावरून दुसऱ्या घाटावर न्यायची वेळ आली, कोणाची सोसायटीची बोट, कोणाची बचावाची, आणि त्या सगळ्यांचे ट्रेलर काही बिघडलं की फिरून फिरून माझ्याकडेच येतात. त्यातल्या दहातल्या सात-आठ वेळा बिघाड एकच, ब्रेक जाम.

२०२० चा ऑगस्ट आठवा. गणपती बसलेले होते. वर मध्य प्रदेशात संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलं, इकडे वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले, आणि भंडारा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली चारही जिल्ह्यांत नदीकाठची गावं पाण्यात गेली. त्या पुरात एका ठिकाणी, नाव लिहीत नाही कारण कोणाला दोष द्यायला हे पत्र नाही, बोट होती, इंजिन चालू होतं, पेट्रोल भरलेलं, चालवणारी दोन पोरं जॅकेट घालून तयार, आणि ट्रेलर काही हलेना. डावं चाक जाम. ट्रॅक्टर लावून ओढला तर चाक फिरायच्या ऐवजी घासत गेलं, डांबरी रस्त्यावर काळी रेघ मारत शंभर-दीडशे फूट गेले असतील, मंग धूर निघाला आणि टायर फाटला. मला बोलावलं तोपर्यंत अंधार पडून राहिला होता. तिथं ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारा ब्रेकचा बिडाचा डबा, खोलत बसायला वेळच नव्हता. शेवटी पंधरा-सोळा जणांनी बोट हातावर उचलली, धान वाहायच्या ट्रॉलीत तणसाच्या पेंढ्या अंथरल्या, त्यावर ठेवली आणि तशी नेली. अडीच तास गेले. माणसं सगळी निघाली, स्लॅबवर चढून बसली होती म्हणून. पण एका घरच्या दोन म्हशी दावणीला बांधलेल्या होत्या, त्यांचं दावं कापायला वेळेत कोणी पोहोचलं नाही. त्या घरची बाई नंतर मला जे बोलली ते इथं लिहायची माझी हिंमत नाही.

चार दिवसांनी पाणी उतरल्यावर तो ट्रेलर मी उघडला. हँडब्रेक वर ओढलेला होता, कधी ओढला होता कोणालाच आठवत नव्हतं, बहुतेक मागच्या वेळी बोट पाण्यातून काढून आणली तेव्हाच. आत दोन्ही शू, म्हणजे ब्रेक लावल्यावर ड्रमला आतून दाबणारे अर्धगोल तुकडे, ड्रमला गंजानं धरलेले. आणि ट्रॅक्टरनं जोर लावून ओढल्यामुळं एका शूचं लायनर, म्हणजे त्यावर चिकटवलेला घासणारा थर, पत्र्यापासून सुटून ड्रम आणि शूच्या मधात पाचरीसारखं अडकलेलं. म्हणजे आधी नुसतं चिकटलं होतं, ते ठोकून सुटलं असतं, ओढल्यावर मात्र खोलल्याशिवाय सुटणारच नव्हतं.

हे काऊन होते ते समजून घेतलं पाहिजे. बोट उतरवायला ट्रेलर मागे पाण्यात घालावा लागतो, चाकं बुडतात. रस्त्यानं ब्रेक मारत आलेला ड्रम गरम असतो, तो एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढल्या जाते, ड्रममधेही आणि ऑइल सील, म्हणजे बेरिंगचं ग्रीस आत धरणारी रबरी कडी, थोडं जरी थकलेलं असेल तर बेरिंगमधेही. वैनगंगेचं पाणी गोडं आहे, समुद्राच्या पाण्यासारखं लोखंड खात नाही हे खरं, पण पुराच्या पाण्यात गाळ असतो आणि तो बारीक गाळ शूच्या मागं, स्प्रिंगमधे, शू मागं-पुढं घेणाऱ्या अ‍ॅडजस्टरच्या आट्यांत जाऊन बसतो आणि वाळला की सिमेंटसारखा होतो. अशा ओल्या ड्रमला हँडब्रेक ओढून ठेवला म्हणजे ओलं लायनर ओल्या बिडाच्या ड्रमवर दाबून ठेवलं. दहा-पंधरा दिवसांत ते धरून घेते. नंतर मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्रीचं ऊन, त्यात ट्रेलर उघड्यावर, ब्रेकवरची रबराची कव्हरं तडकतात, ब्रेकच्या तारेच्या कव्हरमधलं ग्रीस सुकते, आणि पहिल्या पावसात तडकलेल्या रबरातून पुन्हा पाणी आत.

म्हणून माझी पहिली विनंती, आणि बाकी पत्र विसरले तरी चालेल पण एवढी लक्षात ठेवा. पाण्यातून काढलेला बोटीचा ट्रेलर उभा करताना हँडब्रेक लावू नका. चाकाच्या पुढं-मागं दगड लावा, बाभळीच्या लाकडाचे ठोकळे करून ठेवा, पण शू ड्रमपासून सुटे राहू द्या. आणि पाण्यात घालायच्या आधी गाडी काठावर दहा-पंधरा मिनिटं थांबवा, हात लावून पाहा, ड्रम निवला की मंगच मागे घ्या. बाहेर काढल्यावर साध्या पाण्यानं चाकाच्या मागच्या बाजूनं धुऊन घ्या, आणि रिकाम्या रस्त्यावर किलोमीटर-दोन किलोमीटर हळूहळू ब्रेक दाबत न्या, त्या गरमीनं आतली ओल उडते.

आता जाम झालाच तर काय करायचं. पहिली गोष्ट, घासत ओढू नका. थोडं पुढं-मागं हलवून पाहणं वेगळं, ते करा, हँडब्रेक पूर्ण खाली करून ट्रॅक्टर फूटभर पुढं, फूटभर मागं, चार-पाच वेळा, खूपदा एवढ्यानंच टक आवाज येऊन शू सुटतात. पण चाक फिरत नाही आणि टायर घासून राहिला असं दिसलं की थांबा. आणि गॅस किंवा शेकोटी लावून ड्रम तापवायचा तर विचारच करू नका, बाजूला टायर आहे, आत ग्रीस आहे, रबराचे सील आहेत, वर पेट्रोलची टाकी असलेली बोट आहे.

मंग शोधायचं की अडलं कुठं. ट्रेलर सपाट जागी घ्या, ट्रॅक्टरला जोडलेलाच राहू द्या, दुसऱ्या बाजूच्या चाकाला दगड लावा, जमत असेल तर बोट उतरवून घ्या, आणि एकेक चाक जॅकनं उचला. जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका, अ‍ॅक्सलखाली ठोकळे द्या, हायड्रॉलिक जॅक बसला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. आता हातानं चाक फिरवून पाहा. दोन्ही बाजूची चाकं जाम असतील तर बिघाड बहुतेक पुढं आहे, एकच जाम असेल तर त्याच चाकात किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या तारेत नाहीतर नळीत.

पुढं म्हणजे हुकाजवळ. या ट्रेलरांचा ब्रेक पायडलनं लागत नाही. ओढणाऱ्या गाडीनं ब्रेक मारला की ट्रेलर मागून ढकलतो, हुकाची दांडी आत दबते आणि तीच दांडी तार ओढते नाहीतर मास्टर सिलेंडर, म्हणजे ब्रेक ऑइलला दाब देणारा पंप, दाबते. या दांडीवर रबराचं भात्यासारखं कव्हर असते, ते फाटलं की धूळ-पाणी आत जाऊन दांडी आतल्या आत धरते, बाहेरच येत नाही, मंग ब्रेक लागलेलाच राहतो. गाडी थोडी पुढं घेतली की दांडी बाहेर सरकते का ते नुसतं डोळ्यानं पाहायचं आहे, त्याला मिस्त्री लागत नाही. सरकत नसेल तर ग्रीस निपल साफ करून ग्रीस मारा, मागं-पुढं करा, बरेच वेळा काम होते. काही ट्रेलरांना रिव्हर्समधे ब्रेक लागू नये म्हणून दांडीजवळ एक खिट्टी असते, तीही पाहून घ्या.

तारवाला ट्रेलर असेल तर जाम चाकाकडे जाणारी तार अ‍ॅक्सलजवळ सोडा. तार सोडताच चाक फिरलं तर दोष तारेचा, ती कव्हरच्या आत गंजून ओढली जाते पण परत येत नाही. अशी तार तेल टाकून चालवू नका, बदलून टाका, कारण आतून एकेक धागा तुटत आलेला असतो. तार सोडूनही चाक फिरलं नाही तर दोष ड्रमच्या आत.

ऑइलवाल्या ब्रेकची तपासणी मला स्वतःला उशिरा समजली म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका मच्छीमार सोसायटीचा ट्रेलर माझ्याकडे एकाच हंगामात तीनदा आला. उजवं चाक गरम होते, जाम होते. पहिल्यांदा मी शू बदलले. दुसऱ्यांदा व्हील सिलेंडरची, म्हणजे ऑइलच्या दाबानं शू ढकलणाऱ्या चाकातल्या सिलेंडरची, किट टाकली. तिसऱ्यांदा परत शू, कारण आधीचे जळून काळे पडलेले. पहिल्या दोन्ही वेळा पैसे घेतले आणि दोन्ही वेळा खरा दोष तसाच ठेवला, हे मी आज कबूल करतो. तिसऱ्यांदा काम करताना चाक जाम असतानाच मी ब्लीडर निपल, म्हणजे चाकाजवळची ऑइल-हवा काढायची तोटी, अर्धा आटा ढिला केला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक एकदम मोकळं फिरलं. म्हणजे शू चिकटलेले नव्हतेच, ऑइलचा दाब आत अडकून बसला होता. मंग निपल बंद केला, चाक परत जाम करून घेतलं आणि या वेळी रबरी हौज पाईपचं मास्टर सिलेंडरकडचं टोक ढिलं केलं, चाक सुटलं नाही. चाकाकडचं टोक ढिलं केलं तर सुटलं. दोष त्या वीतभर पाईपमधेच होता. बाहेरून अगदी चांगला दिसणारा पाईप कापून पाहिला तर आतलं रबर फुगून भोक जवळजवळ बुजलेलं, जोरानं ऑइल आत जाते पण परत येताना अडते. नवा पाईप टाकला, तेव्हापासून ते चाक गरम झालं नाही. सोसायटीचे जे दोन वेळचे पैसे होते ते मी पुढच्या कामात वळते केले.

तेव्हा लक्षात ठेवा, निपल ढिला केल्यावर चाक सुटलं तर ड्रम खोलायची घाई नको, हौज पाईप आणि मास्टर सिलेंडर पाहा. नाही सुटलं तरच ड्रमकडे वळा.

ड्रमला हातोडी मारायची ती पण रीतीनं. कडेवर घन घातला तर बिडाचा ड्रम तडकतो, मी तडकलेले पाहिले आहेत. लाकडाचा ठोकळा मधात धरून, शू जिथं टेकतात त्या भागावर, थोडंथोडं फिरून चारही बाजूंनी ठोका, आणि मधूनमधून चाक हलवत राहा. नाहीच सुटलं तर मागच्या प्लेटवर रबराची बुच्ची असते, ती काढून आतला दात्यांचा अ‍ॅडजस्टर स्क्रू ड्रायव्हरनं उलटा फिरवून शू आत घ्या. हे न करता ड्रम ओढला तर झिजलेल्या ड्रमच्या कडेला शू अडकतो, आणि पोरं मंग पुलरनं ओढून स्प्रिंग, पिना सगळं वाकवून ठेवतात. काही ड्रमला दोन आट्यांची भोकं दिलेली असतात, त्यात दोन बोल्ट सारखे-सारखे आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर येतो. गंज सोडायचं तेल मारायचं असेल तर मधल्या हबवर आणि बोल्टवर मारा, आत लायनरवर जाऊ देऊ नका, तेल पिलेलं लायनर धुऊन काही उपयोग नाही, ते फेकायचंच.

आत उघडल्यावर जी काळी भुकटी दिसते तिला कॉम्प्रेसरची हवा मारायची सवय आपल्या सगळ्या गॅरेजांत आहे, माझ्याही होती. जुन्या लायनरमधे अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, ती धूळ छातीत जाते. पाण्यानं ओली करून फडक्यानं पुसा. ग्रीस पांढरं, ताकासारखं झालं असेल तर बेरिंगमधे पाणी गेलं समजा, बेरिंग रॉकेल-डिझेलनं धुऊन नीट पाहा, डाग पडले असतील तर नवं टाका, ऑइल सील तर नवंच टाका.

ब्रेक ऑइलबद्दल एक सांगायचंच आहे कारण हा प्रकार मी गावात वारंवार पाहतो. कमी पडलं की कोणी इंजिन ऑइल टाकते, कोणी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं ऑइल. खनिज तेलानं ब्रेकचं रबर फुगते, सगळे वायसर, किट, पाईप एकाच वेळी जातात आणि ब्रेक जाम होतो. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असते तेच टाका, आणि उघडलेला डबा वर्षभर कोनाड्यात ठेवून परत वापरू नका. हे ऑइल हवेतली ओल ओढते. नवं डॉट ३ कमीत कमी २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ओल पिलेलं १४० च्या आसपासच उकळू शकते, आणि त्या ओलीनं सिलेंडरमधला पिस्टन आतून गंजतो तो वेगळाच. दरवर्षी बदललं तर खर्च फार नाही.

काम झाल्यावर चार-पाच किलोमीटर ओढून न्या आणि दोन्ही हबला हात लावून पाहा, जपून, आधी हात जवळ नेऊन. एक कोमट आणि एक चटका देणारा असेल तर दुरुस्ती झालेली नाही, परत खोला.

आता माझं मागणं. जिथं जिथं बचावाची बोट ठेवली आहे तिथं बोटीचं रजिस्टर असते, इंजिन कधी चालू केलं, पेट्रोल किती, जॅकेट किती. त्यात ट्रेलरसाठी एक ओळ वाढवा. महिन्यातून एकदा ट्रेलर पन्नास फूट ओढून परत जागेवर आणायचा आणि तारखेसह सही करायची. बस एवढंच, याला कोणता निधी लागत नाही, कोणाचा आदेश येऊ द्यायची गरज नाही. आणि मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी, दोन्ही ड्रम एकदा उघडायचे. पैशाचा प्रश्न असेल तर आयटीआयमधे मेकॅनिक मोटर व्हेईकलची पोरं शिकतात, त्यांना हे ट्रेलर शिकायला द्या, त्यांचाही हात बसेल आणि ट्रेलरही तयार होतील. बोटीसोबत एका पेटीत दोन शूचे सेट, एक हौज पाईप, एक तार, सिलेंडरची किट, ब्रेक ऑइलचा बंद डबा, जॅक आणि पाने ठेवा, कारण पूर कोणाची दुकानं उघडायची वाट पाहत नाही आणि अशा ट्रेलरचं सामान आमच्या तालुक्यात मागितल्याबरोबर भेटत नाही, मला स्वतःला नागपूरहून आणावं लागते. मॉक ड्रिल घेता तेव्हा बोट आधीच पाण्यात उतरवून ठेवू नका. ट्रेलर शेडमधून निघण्यापासून घड्याळ लावा.

आमच्या भागातल्या काठच्या गावांत ज्यांच्याकडे असा ट्रेलर आहे त्यांच्यासाठी मी मे महिन्यातले चार रविवार मोकळे ठेवीन. मजुरी घेणार नाही, सामान लागलं तर तेवढ्याचेच पैसे. ज्यांना यायचं त्यांनी यावं, सोबत एक-दोन पोरं आणावी म्हणजे त्यांना दाखवता येईल.

आपला नेहमीचा वाचक,
एक ट्रॅक्टर मिस्त्री
ता. पवनी, जि. भंडारा

ता. क. : ड्रम परत बसवताना मधल्या नटाची खिळपिन जुनी वाकवून घालू नका, दोन-पाच रुपयांची नवी पिन घाला. आणि नट पान्यानं करकचून आवळू नका, चाक फिरवत फिरवत आवळा, मंग जरा ढिला करून हातानं बसवा आणि पिन घाला. घट्ट आवळलेलं बेरिंग गरम होते आणि लोक परत ब्रेकलाच दोष देतात.